न झालेला गोल

सर्जेराव निकम मोठा की इम्तियाज मुल्लाणी, या एका प्रश्नावरून कोल्हापुरात जमत आलेली लग्नं मोडलेली आहेत. सर्जेराव जुन्या कमान तालमीच्या फुटबॉल संघाचा. चार हंगाम खेळला आणि एकसष्ट गोल करून वयाच्या पंचविसाव्या वर्षी थांबला, कारण गुडघा गेला. इम्तियाज त्याच्यानंतर सोळा वर्षांनी आला. चांदणी चौक मंडळाकडून अकरा हंगाम खेळला आणि दीडशेच्या घरात गोल करून, हारतुरे घेऊन निवृत्त झाला. कमानवाल्यांचं म्हणणं असं, की सर्जेराव खडीच्या मैदानावर आणि पाणी पिऊन दगड झालेल्या चामडी बॉलनं खेळला. त्याला इम्तियाजची हिरवळ द्या, मग बघा. चौकवाले म्हणत, सर्जेरावासमोर बचाव करायला होतं कोण? दोघं एका मैदानावर कधी उतरलेच नव्हते, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच नव्हतं.

२०३६ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान केंद्रानं ते मिटवायचं ठरवलं. त्यांच्याकडे आलेल्या यंत्राला लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण गावानं पहिल्याच आठवड्यात त्याला 'तराजू' करून टाकलं. वेगवेगळ्या काळातले खेळाडू एकाच मैदानावर, एकाच बॉलनं, एकाच दमाचे करून उतरवायचे आणि मोजायचे, हे त्याचं काम. इम्तियाजच्या सामन्यांच्या चित्रफिती ढिगानं होत्या. सर्जेरावाची एकही नव्हती. होते ते दोन पिवळे पडलेले फोटो, आणि दोन्हींत तो उभा होता.

म्हणून केंद्राच्या प्रमुख डॉ. तेजल हुक्केरी एका सकाळी हिंदुराव मंडलिकांच्या घरी आल्या. हिंदुराव बुरूज तालमीचे कीपर. एकोणिसाव्या वर्षी गोलात उभे राहिले ते एक्केचाळिसाव्या वर्षी बाहेर आले. नंतर महापालिकेच्या पाणीखात्यातली नोकरीही संपली, बायको गेली, आणि आता एकोणसत्तराव्या वर्षी ते एकटेच राहत होते. सर्जेराव आणि इम्तियाज दोघांचेही फटके अंगावर घेतलेला गावात तेवढा एकच माणूस उरला होता.

तेजलनी त्यांना समजावून सांगितलं. पेनल्टीच्या ठिपक्यावरून मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत गोलात पोचतो. बॉल डोळ्यांनी बघायचा आणि मग हात हलवायचा म्हटलं तर कीपर कधीच पोचणार नाही. म्हणून चांगला कीपर बॉलला पाय लागण्याआधीच निघालेला असतो. समोरच्याची कंबर, टेकलेलं पाऊल, झुकलेला खांदा यांवरून त्याच्या लहान मेंदूत पुढचं चित्र आधीच तयार होतं. ज्याच्याशी वर्षानुवर्षं गाठ पडली तो प्रतिस्पर्धी तर तिथं सबंध कोरलेला असतो, आणि ते कोरीवकाम माणूस विसरला तरी मेंदू विसरत नाही. केंद्रात हिंदुरावांनी एक टोपी घालायची, डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि खऱ्या गोलात उभं राहायचं. चष्म्यातून एक करडी आकृती हजारो तऱ्हांनी अंगावर धावून येईल. ती मेंदूच्या अपेक्षेप्रमाणे वागली तर मेंदू शांत राहतो. जरा वेगळी वागली की दचकतो. दचकवणाऱ्या सगळ्या तऱ्हा यंत्र गाळत जाणार. शेवटी जे उरेल तो सर्जेराव.

"कुलूप शाबूत असलं की हरवलेली किल्ली घडवता येते, काका," तेजल म्हणाल्या. "किल्ली सर्जेराव. कुलूप तुम्ही."

हिंदुरावांनी वय झाल्याचं कारण पुढं केलं. पण संध्याकाळी सर्जेरावानंच त्यांना गाठलं. गाठलं म्हणजे काय, हिंदुराव रोज सहाला त्याच्या दुकानात जाऊन बसतच. सर्जेराव फुटबॉल शिवायचा, फाटलेले हातमोजे सांधायचा. उजवा पाय बाकावर सरळ ठेवलेला आणि काठी भिंतीला टेकवलेली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात हिंदुराव पुढं झेपावले, दोघांची टक्कर झाली आणि तो गुडघा मोडला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या सर्जेरावानं सगळ्यांना सांगितलं होतं, की पोरगं बॉलवर आलेलं, चूक कुणाची नाही. त्या दिवसापासून हिंदुरावांनी त्याला सोडलं नाही. दवाखाना त्यांनीच केला, दुकान त्यांनीच उभं करून दिलं, आणि पुढं आपली एकुलती एक मुलगी स्नेहल सर्जेरावाच्या धाकट्याला दिली. गाव त्यांच्या दोस्तीचा दाखला देत असे.

सर्जेराव त्या दिवशी हातातली सुई बाजूला ठेवून बोलला. "हिंद्या, मी कसा पळत हुतो हे सगळ्या गावानं बघितलंय. एक मी बघितलेलं न्हाई. मरायच्या आत बघू दे की मर्दा."

सकाळी हिंदुरावांनी तेजलना होकार कळवला.

केंद्राचा हॉल गावाबाहेर होता; उंच छत, पांढऱ्या भिंती, आणि एका टोकाला एकच गोल. सर्जेरावाच्या नावानं पहिले तीन दिवस नुसती करडी धूळ अंगावर येत राहिली. माणसाच्या आकाराची, पण माणूस नव्हे. कधी हात फार लांब, कधी पावलं फार जवळ. हिंदुराव गुडघ्यांत वाकून उभे राहायचे आणि टोपी त्यांच्या डोक्यातले बारीक धक्के टिपत राहायची. इम्तियाज दुसऱ्याच दिवशी तयार झाला. तो चित्रफितींशी ताडून बघता आला आणि हुबेहूब निघाला. त्याला बघून हिंदुरावांना हसू आलं. जुना त्रास देणारा पोरगा परत भेटल्यासारखं वाटलं.

सर्जेराव चौथ्या दिवशी आला.

आकृतीला चेहरा नव्हता. दूर, हॉलच्या मध्यावर ती उभी राहिली आणि धावायच्या आधी तिनं डाव्या हाताचा तळवा मांडीवर पुसला. हिंदुरावांच्या मानेवर काटा आला. सर्जेरावाची ती सवय ते स्वतःही विसरून गेले होते. त्यांनी चष्मा काढून तेजलना विचारलं, हे तुम्ही घातलंत का.

"आम्ही काहीच घालत नाही, काका. जे उरतं ते तुमच्यातलं असतं."

त्यांनी चष्मा परत लावला. आकृती निघाली. ती धाव हिंदुरावांनी अर्ध्या शतकात पाहिली नव्हती. पावलं जमिनीला लागतात की नाही कळू नये अशी, आणि खांदे एकदम निवांत. डावीकडे झुकून ती उजवीकडे आली. अठरा यार्डांची रेघ ओलांडली. आणि गोलापासून सहा पावलांवर तिचा उजवा पाय दुमडला.

ती अडखळली नव्हती, घसरलीही नव्हती. बिजागरी निसटल्यासारखा पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वळला आणि आकृती खाली बसली. तिला कुणी हात लावला नव्हता. आवाज झाला नाही. क्षणभर ती तशीच पडून राहिली, बिनचेहऱ्याचं डोकं हिंदुरावांकडे वळवून, आणि मग विरून गेली.

लगेच ती परत मध्यावर उभी होती. तळवा पुसला, निघाली. सहा पावलांवर पाय दुमडला.

त्या दिवशी ती चाळीस वेळा आली आणि चाळीस वेळा त्याच जागी मोडली. लांबून मारायला लावलं तर गोल करायची, आणि असे की इम्तियाजला जमले नसते. पण जवळ आली की संपली. घरी गेल्यावर हिंदुरावांनी जेवण केलं नाही. भर दुपारी, उजेडात, स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना त्यांनी सहा पावलं मोजली आणि मग मोजल्याबद्दल स्वतःवरच चिडले.

तेजलना काळजी वेगळीच होती. रविवारी स्टेडियममध्ये निकाल जाहीर व्हायचा होता, आणि तराजूच्या हिशेबी सर्जेराव इम्तियाजच्या पासंगालाही पुरत नव्हता. जवळून एकही गोल न करणारा खेळाडू मोठा कसा ठरणार? त्यांनी हिंदुरावांना शेजारी बसवून घेतलं आणि हळू आवाजात बोलल्या. त्या काळची वर्तमानपत्रं त्यांनी वाचली होती. सर्जेरावाचे निम्म्याहून जास्त गोल अगदी कीपरच्या पायातून काढलेले होते. तेव्हा हे मोडणं त्याचं नव्हतं. तो जवळ आला की पुढं काय होणार हे हिंदुरावांच्या मेंदूला आधीच ठाऊक होतं, आणि तो ते त्याच्यावर लादत होता.

"टक्कर अचानक झाली असती तर मेंदूकडे ती अशी आधीपासून नसती," त्या म्हणाल्या. "तो क्षण नेमका काय होता ते तुम्ही सांगितलंत, तर यंत्राला तुमचा वाटा आणि त्यांचा वाटा वेगळा करता येईल. नुसत्या अंदाजावर मी आकडे बदलू शकत नाही. नाही सांगितलंत, तर जे आहे तेच जाहीर होईल."

हिंदुराव म्हणाले, अपघात होता. सगळ्या गावाला माहीत आहे.

ते तसंच राहिलं असतं. पण शुक्रवारी दुपारी सर्जेराव रिक्षा करून केंद्रात हजर झाला. स्नेहल त्याला धरून होती. इस्त्रीचा सदरा घातलेला, दाढी केलेली. कुणी अडवायच्या आत तो पडद्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, दाखवा.

तेजलनी हिंदुरावांकडे पाहिलं. पडद्यावर आकृती उभी राहिली, तळवा पुसून निघाली. सर्जेराव पुढं झुकला. पहिल्या दहा पावलांत त्याचे ओठ उघडे पडले, म्हातारा माणूस लहान मुलाकडे बघतो तसा तो स्वतःकडे बघत होता. मग पाय दुमडला.

त्यानं परत दाखवायला सांगितलं. परत दुमडला. सात वेळा त्यानं बघितलं. आठव्यांदा त्यानं पडद्याकडे पाहिलंच नाही; आपल्या हातांकडे बघत बसला. मग त्यानं विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, फक्त शरम होती.

"मी भीत हुतो काय रे तुला? मला तसं आठवत न्हाई. पर तुझ्या डोक्यात मी असा हाय."

हिंदुराव उभे होते ते खाली, फरशीवर बसले.

"तू भीत नव्हतास, सर्जादा," ते म्हणाले. "मी मारला."

मग त्यांनी सांगितलं. त्या हंगामात सर्जेरावानं त्यांना सात गोल मारले होते. तालमीत लोक हसायचे. अंतिम सामन्याआधी त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. बूट बांधताना त्यांचं त्यांनीच ठरवलं, की हा आज आत आला तर परत कधी येणार नाही. सर्जेराव आला तेव्हा त्यांनी बॉलकडे पाहिलंच नाही. त्यांनी गुडघा पाहिला, आणि आपला गुडघा त्यावर घातला. स्ट्रेचरवरून सर्जेराव बोलला, चूक कुणाची नाही, आणि त्यानंतर खरं सांगायची जागाच उरली नाही.

स्नेहल भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, बस. सर्जेरावाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यानं तेजलना विचारलं, आता ह्याचा वाटा काढता येतो का. त्या म्हणाल्या, येतो; पण काकांना पुन्हा गोलात उभं राहावं लागेल, आणि तो क्षण आता लपवून न ठेवता.

"ऱ्हा उभा," सर्जेराव म्हणाला.

हिंदुरावांनी टोपी चढवली. हातापायांना हालचाली टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या. आकृती आली. सहा पावलांवर या वेळी तिचा पाय दुमडला नाही, ती तशीच पुढं आली, आणि हिंदुरावांचा उजवा गुडघा वर उचलला गेला.

त्यांनी तो उचलला नव्हता. संधिवातानं धरलेला, जिने चढताना कुरकुरणारा तो गुडघा वेताच्या छडीसारखा सपकन पुढं गेला, नेमका आकृतीच्या गुडघ्याच्या उंचीवर. हवेतून आरपार गेला आणि हिंदुराव तोल जाऊन पोस्टवर आदळले. आकृती विरली.

दुसऱ्यांदा त्यांनी मनाशी ठरवलं, हलायचं नाही. गुडघा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली. हात झटकून गुडघा गेला. एका रागाच्या क्षणी आपण एक वाईट गोष्ट केली, असं समजून त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं काढली होती. तो क्षण गेलाच नव्हता. तो त्यांच्या मांडीत बसून वाट बघत होता, आणि समोर सर्जेरावाची ती धाव आली की त्याला हिंदुरावांची परवानगी लागत नव्हती. नातीला कडेवर घेतलं तेव्हा, व्याह्याला हाताला धरून जिना उतरवला तेव्हा, तो तिथंच होता.

तेजल थांबवायला निघाल्या तर सर्जेरावानं नुसता हात वर केला.

बाराव्या खेपेला यंत्रानं दोघांना वेगळं केलं. आकृती आली, गुडघा वर आला, आणि आकृतीनं बॉल डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं हलकेच उचलला, स्वतः गुडघ्यावरून अलगद उडी घेतली आणि पलीकडे टेकून, मागं न बघता, बॉल वरच्या उजव्या कोपऱ्यात सारला.

हे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी घडलं नव्हतं. घडायच्या आधीच पाय मोडला होता. पण गुडघा घालताना, त्या अर्ध्या सेकंदात, पुढं काय होणार हे हिंदुरावांच्या मेंदूनं पुरतं पाहिलं होतं. तो न झालेला गोल, उडीसकट आणि कोपऱ्यासकट, इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा पडून होता.

सर्जेरावाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचं भान त्याला नव्हतं. थोड्या वेळानं तो काठी घेऊन उठला आणि तेजलना एवढंच म्हणाला, की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, हे आमच्या घरातलं आहे. हिंदुरावांकडे न बघता तो स्नेहलचा हात धरून गेला.

रविवारी निकाल लागला. दोघांमधला फरक यंत्राच्या मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीपेक्षाही कमी भरला. कमानवाले आणि चौकवाले आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाले, की तराजू कुचकामी आहे. आणि जुनं भांडण नव्या जोमानं सुरू झालं. सर्जेराव स्टेडियमवर आला नाही.

हिंदुरावांचं सहा वाजता कुठं जाणं बंद झालं. स्नेहल एकदाच येऊन गेली. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, की चौदा वर्षं दर थंडीत ती सासऱ्यांचा तो गुडघा शेकत होती, आणि कितीतरी वेळा बाबा समोर बसून चहा पीत ते बघत होते; ते त्यांना बघवायचं कसं. ती दार ओढून घेऊन गेली.

दीड महिन्यानं तेजलचा फोन आला. सर्जेराव रोज तीनला केंद्रात येऊन बसतात, म्हणाल्या. आधी त्यांना त्या गोलाचं चित्रण दाखवलं. दोन-तीन दिवस त्यांनी ते पाहिलं आणि मग नको म्हणाले, हा मेलेला आहे म्हणाले, दरवेळी तसाच मारतो. त्यांना जिवंत हवा आहे. आणि तो जिवंत व्हायला समोर कीपर लागतो, आणि कुलूप तर एकच आहे. तुम्ही यावं असा निरोप आहे, पण मी बळजबरी करणार नाही.

हिंदुराव दुसऱ्या दिवशी गेले. सर्जेराव खुर्चीत बसलेला होता. त्यानं मान वळवली नाही. हिंदुरावांनी टोपी घातली, चष्मा लावला. दूर मध्यावर आकृतीनं तळवा मांडीवर पुसला.

आता ते रोजचं झालं आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. स्नेहल मात्र सकाळी बापाच्या दारात येऊन उभी राहते, रक्तदाबाची गोळी त्यांच्या हातावर ठेवते आणि त्यांनी ती गिळेपर्यंत हलत नाही. मामंजींनी सांगितलंय, म्हणते. एक दिवस चुकवायची नाही. सर्जेरावानं डॉक्टरांना विचारून हिंदुरावांचं मीठही तोडलं आहे. हे सारं कशासाठी, हे हिंदुरावांना समजतं. आपण गेलो तर तो कोपऱ्यातला बॉल आपल्याबरोबर जाईल.

दुपारी तीनला पांढऱ्या हॉलमध्ये आकृती धावत येते. दर खेपेला थोडी वेगळी. कधी उडी उंच, कधी बॉल खालच्या कोपऱ्यात. दर खेपेला हिंदुरावांचा गुडघा आपणहून वर उठतो, रिकाम्या हवेवर आदळतो, आणि ते खाली पडतात. गोल होतो. फरशीवर हात टेकून, पोस्टचा आधार घेत ते सावकाश उभे राहतात, आणि मागून, खुर्चीतून, तो एकच शब्द येतो.

"परत."